अर्धं छापलेलं वचन

“पाळकसाहेब, तुमच्या चर्चचे एक पेशंट माझ्यासमोर बसलेत. ऑपरेशनच्या कन्सेंटवर सही करत नाहीत. खिशातलं एक कार्ड दाखवतात आणि म्हणतात, आमच्या पाळकांना विचारा. म्हणून विचारतेय.”

फोन साताऱ्याहून होता, सर्जन डॉ. मगदूम मॅडमचा. मी कोरेगावच्या एका छोट्या चर्चचा पाळक. लग्नं लावणं, मयतीला उभं राहणं, आजाऱ्यांकडे जाणं आणि दर रविवारी बायबल वाचून त्याचा अर्थ सांगणं, ही माझी नोकरी.

“पेशंट कोण?”

“दानिएल सातपुते. डायबिटीस आहे. उजव्या पायाची दोन बोटं काळी पडलीत. गँगरीन. आज-उद्या बोटं काढली तर पाऊल वाचेल. उशीर केला तर कुठवर कापावं लागेल, मी सांगू शकत नाही. आणि ते म्हणतात, मी बरा होणार असं मला लिहून मिळालंय.”

“कार्डावर काय आहे?”

त्यांनी वाचून दाखवलं. तुझी प्रार्थना मी ऐकली, तुझे अश्रू पाहिले, मी तुला बरं करीन, अशा अर्थाच्या चार ओळी. “आणि खाली तुमच्या चर्चचं नाव आहे,” मॅडम म्हणाल्या.

ते कार्ड मीच छापून घेतलं होतं.

आमच्याकडे एक रिवाज आहे. एक जानेवारीच्या उपासनेत वचनकार्डांची टोपली फिरते. प्रत्येकाने डोळे मिटून एक कार्ड उचलायचं. त्यावर बायबलमधलं जे वाक्य येईल ते आपलं त्या वर्षाचं वचन. कुणी ते मोबाईलच्या कव्हरमध्ये ठेवतं, कुणी फ्रीजवर चिकटवतं. सातपुते आर्मीतून रिटायर झालेले हवालदार. त्यांनी ते प्लॅस्टिकमध्ये घालून शर्टाच्या खिशात ठेवलं होतं.

त्या वर्षी वाक्यं मी निवडली होती. कार्डं सांगलीच्या एका प्रेसमध्ये दिली. प्रेसवाले म्हणाले, “साहेब, एवढा मजकूर बसायचा न्हाई. चार ओळी करा.” मी पेन काढलं आणि तिथल्या तिथे चार ओळी केल्या. गोड तेवढं ठेवलं. बाकीचं उडवलं.

बायबलमध्ये प्रत्येक वाक्याला नंबर असतो. त्यामुळे माणसाला वाटतं, हे वाक्य सुटं आहे, उचलावं आणि वापरावं. तसं नसतं. ते कुणीतरी, कुणाला तरी, कसल्या तरी प्रसंगात म्हटलेलं असतं. त्यालाच आम्ही संदर्भ म्हणतो. संदर्भ सोडून वाचू नका, हे मी महिन्यातून दोनदा तरी व्यासपीठावरून बजावायचो. स्वतः मात्र प्रेसच्या काउंटरवर पाच मिनिटांत सगळा संदर्भ कापून मोकळा झालो होतो.

हवालदार सही न करताच घरी परतले होते. संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. ते पाय पाटावर ठेवून बसले होते. त्यांच्या पत्नी मार्थाकाकू दारातच म्हणाल्या, “आवं पाळकसाहेब, बरं झालं आलासा. ती डॉक्टरीण लय भ्या घालतीया.”

मी बायबल उघडलं. ते वाक्य हिज्कीया नावाच्या राजाच्या गोष्टीतलं. राजा मरणाला टेकलेला असतो. रडून प्रार्थना करतो. देव संदेष्ट्याच्या तोंडून त्याला सांगतो, मी तुला बरं करीन. इथवर कार्डात होतं. पण दोनच वाक्यांनंतर तोच संदेष्टा सांगतो, अंजिरांची ढेप आणा. ती राजाच्या गळवावर बांधतात आणि मग राजा बरा होतो.

“बघा,” मी विजयी मुद्रेने म्हणालो, “देवानं बरं करतो म्हटलं, तरी औषध लावलंच ना?”

हवालदारांनी मान हलवली. काकूंनीही हलवली. मला वाटलं, काम फत्ते. दुसऱ्या दिवशी लोणंदला एक लग्न लावायचं होतं. मी निर्धास्त मनाने गेलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मॅडमचा फोन. “पाळकसाहेब, तुमचे पेशंट आलेच नाहीत.”

तसाच मोटरसायकलवरून निघालो. घरात शिरलो तर वास आला. हवालदारांचा पाय जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेला, आणि फडक्यावर मुंग्यांची रांग.

“हे काय?”

काकू म्हणाल्या, “अंजीर. सुकं आणलं, भिजवलं, वाटलं. परवापास्नं बांधतीया. तुमीच वाचून दावलं न्हवं?”

मॅडमना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, “डायबिटीसच्या जखमेवर गोड लावलंय? तासाभरात इथं आणा. तुमचा उपदेश नंतर करा.”

मला राग आला, तो माझाच. चूक काकूंची नव्हती. मी एका सुट्या वाक्यावर दुसरं सुटं वाक्य मारलं होतं. वाचून दाखवलं होतं, समजावलं नव्हतं. आता या घरातून उठायचं ते हवालदारांना गाडीत घालूनच, हे मी ठरवलं.

बायबल त्यांच्या हातात दिलं. “हवालदारसाहेब, आता मी वाचत नाही. तुम्ही वाचा. सुरुवातीपासून.”

ते चष्मा लावून वाचू लागले. वाचून संपल्यावर मी विचारलं,

“आर्मीत मूव्हमेंट ऑर्डर आली की पहिलं काय बघायचात?”

“नाव बघायचं. नाव, नंबर, युनिट. दुसऱ्याच्या ऑर्डरवर कोण जातंय गाडीत बसाया?”

“मग ही ऑर्डर कुणाच्या नावाची?”

त्यांनी पानावर बोट ठेवलं. “राजाच्या,” ते म्हणाले. “माजं नाव न्हाई.”

“आणि अंजीर?”

“त्ये बी राजाच्या गळवाला. तवाचं औषध असंल त्ये.”

काकू खाली बघत होत्या. मग हवालदारांनी जे विचारलं ते माझ्या नोकरीत मला कुणी इतकं सरळ विचारलं नव्हतं. “मग पाळकसाहेब, माज्यासाटी यात काय हाय? का कायच न्हाई?”

मला रडू आलं. लपवलं नाही. म्हणालो, “त्या राजाचं देवानं ऐकलं. तुमचंही तोच ऐकतो, एवढं मी छातीठोक सांगतो. रडून मागायला लाज नाही, हेही यात आहे. पण बोटं राहतील असं देवानं तुम्हाला कुठं लिहून दिलेलं नाही. ते मी लिहून दिलं. त्या वचनाला पुढचा मागचा मजकूर होता. कार्डावर बसेना म्हणून मी तो कापला.”

“म्हंजी ऑर्डर तुमी फाडली?”

“हो.”

“आर्मीत असता तर कोर्ट मार्शल झालं असतं तुमचं.” त्यांनी चष्मा काढला. “जातो मी. पन एक. रविवारी हे समद्यांपुढं सांगायचं. माज्याबरूबर अजून कोन कोन असली कार्डं खिशात घिऊन बसलं असंल.”

काकूंनी फडकं सोडलं. मी गाडी बोलावली. साताऱ्याच्या रस्त्यावर त्यांनी खिशातलं कार्ड काढून माझ्याकडे दिलं आणि बाहेर बघत बसले. मॅडमच्या टेबलावर सही करताना मात्र त्यांनी फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. नाव तपासलं. मग सही केली.

रविवारी मी व्यासपीठावर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. प्रेस, पेन, चार ओळी, अंजीर. उपासना संपल्यावर आमचे सेक्रेटरी बाजूला घेऊन म्हणाले, “एवढं कशाला सांगायचं? लोकांचा विश्वास डळमळतो.” मी म्हणालो, “कार्डावरचा डळमळू दे.” त्या दिवशी सात जणांनी आपली कार्डं आणून विचारलं, यातलं पुढचं-मागचं काय आहे? एका बाईंचं कार्ड तर बायबलमधल्या अशा माणसाच्या तोंडचं निघालं, ज्याला देवानेच शेवटी चुकीचा ठरवलं होतं.

पुढच्या जानेवारीत टोपली फिरली, पण कार्डांवर वाक्य नव्हतं. नुसता अध्याय. घरी नेऊन अख्खा वाचायचा, कोण कुणाला म्हणतंय ते लिहून काढायचं आणि मगच माझ्याकडे यायचं. पुष्कळ जण नाराज झाले. हवालदारांना वंशावळीचा अध्याय आला. खास बूट घालून ठकठक करत आले. “पाळकसाहेब, ह्यात नुसती नावंच हायती की!”

“मग वाचा. तुम्हाला नाव बघायची सवय आहेच.”

ते हसले. पाऊल वाचलं होतं, तोल सांभाळून चालत होते. आता अभ्यासवर्गात पहिल्या रांगेत बसतात आणि मी एखादं वाक्य घाईने उचललं की हात वर करतात, “वरनं वाचा, साहेब.” मी वरून वाचतो.

मॅडम पहिल्या फोनवर दोन बोटं म्हणाल्या होत्या. काढावी लागली तीन. हवालदारांनी तिसऱ्याबद्दल मला कधी विचारलं नाही. पण दोन बोटं डायबिटीसने नेली आणि तिसरं माझ्या पेनाने, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.