म्हातारीचा मुलगा मुंबईला असतो

माझा मामा जहाजावर कामाला होता. मी सातवीत असताना त्याने मला हातात धरून खेळायचा एक व्हिडिओ गेम आणून दिला. करड्या रंगाचा, जाडजूड, चार पेन्सिल सेलवर चालणारा. पडदा हिरवट आणि त्याला स्वतःचा उजेड नाही, म्हणून महाडच्या घरात तो गॅलरीत बसूनच खेळावा लागे.

सोबत एकच कॅसेट होती. उड्या मारायची किंवा गोळ्या झाडायची नव्हे; गोष्टीची. एक राजा नद्या आटवत सुटलेला असतो आणि एका खेड्यातले चौघं त्याला शोधायला निघतात. गावोगाव हिंडायचं, माणसांशी बोलायचं, रानात भुतं भेटली की लढायचं. बोलणं सगळं इंग्रजीत, पडद्याच्या तळाशी दोन-दोन ओळींत.

आई शेजारी भाजी निवडत बसलेली असे. तिचं माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीवर. इंग्रजी तिला अक्षरओळखीपुरतंच. एकदा तिने विचारलं, "काय म्हणतोय गो तो?" मी वाचून मराठीत सांगितलं. त्या दिवसापासून मला प्रत्येक ओळ सांगावी लागे. मला घाई लढायची. तिला सगळ्यांशी बोलायचं असायचं.

मे महिन्यात आम्ही अडकलो. पुढच्या गावाला जायला नदी ओलांडायची होती आणि नावाडी एकच वाक्य म्हणायचा, नाव फुटली आहे. मी पुन्हा पुन्हा रानात जाऊन लढले, काही उपयोग झाला नाही.

"नदीकाठच्या त्या घरात गेलीस काय?" आईने विचारलं.

"तिथे नुसती एक म्हातारी आहे. खोकत असते."

"मग तिला औषध दे की. हाय ना तुझ्याकडे?"

औषधाची पाच-सहा पानं माझ्याकडे होती, लढाईत जखमा भरायला जपून ठेवलेली. तिच्या आग्रहाखातर एक पान म्हातारीला दिलं. म्हातारी म्हणाली, माझ्या नवऱ्याची नाव मागे पडून आहे, ती घेऊन जा. मी गॅलरीत ओरडलेच. आईला त्यात नवल वाटलं नाही. "आजारी माणसाच्या दारावरून तसंच जायचं नसतं," म्हणाली आणि भाजी घेऊन आत गेली. नदी ओलांडली, पण पुढे शाळा सुरू झाली, अभ्यास वाढला आणि गेम कपाटात गेला.

नंतर मी पुण्यात नोकरीला लागले. पहिल्या वर्षी स्वतःसाठी त्याच जातीचं नवं यंत्र घेतलं. रंगीत, मुठीत मावणारं आणि आतून उजेड असलेलं. दुकानदाराने सांगितलं, जुन्या कॅसेटही यात चालतात. दिवाळीत घरी जाऊन कपाट उपसलं. कॅसेट सापडली, लागलीही, पण खेळ लक्षात ठेवणारा तिच्या आतला सेल संपलेला. आमचा सगळा खेळ पुसला गेला होता.

"मग पहिल्यापासून लाव," आई म्हणाली.

घड्याळवाल्याकडून कॅसेटमध्ये नवा सेल बसवून घेतला आणि लावला. मोठेपणी मला पहिल्यांदाच कळलं, की बनवणाऱ्यांनी किती थोडक्यात केवढं उभं केलं होतं. गावाला चार घरं, प्रत्येक माणसाच्या वाट्याला दोन ओळी. पण एका गावच्या आटलेल्या नदीला पाणी सुटलं की तिथल्या धोबिणीच्या त्या दोन ओळी बदलतात. आता चादरी धुवायला घेतल्या, म्हणते. एवढ्याशा जागेत धोबीण आठवणीने ठेवणारा माणूस कोण असेल, याचं मला फार कौतुक वाटलं.

आईला तर सगळं पाठ होतं. मी वाचायच्या आधीच ती सांगायची. म्हातारीच्या घरात शिरलो तशी म्हणाली, "हिचा मुलगा मुंबईला असतो."

मी ओळ वाचली. मुलगा राजधानीला गेला, एवढंच होतं. बारा वर्षांच्या मला राजधानी म्हणजे मुंबईच वाटली असणार. आमच्याकडे दर घरातलं कोणीतरी तिथेच असायचं. मी आईला दुरुस्त केलं नाही. जपानीतून ओबडधोबड इंग्रजीत आलेली ती गोष्ट पोलादपूरच्या मराठीत जास्त शोभत होती.

भाऊबीजेनंतर निघताना आई म्हणाली, "हे ठेवून जा." तोवर तिने बटणाला कधी हात लावला नव्हता. चालायचं कसं, लढायचं कसं, झालेला खेळ जपून कसा ठेवायचा, हे सगळं मी महाडच्या एसटी स्टँडवर पुण्याच्या गाडीची वाट बघताना शिकवलं. यंत्र तिच्या पिशवीत टाकून मी गाडीत चढले.

मग फोनवर बातम्या येऊ लागल्या. बर्फाच्या गावात तिघं मेले, परत उठवले. एका पोराची शेळी हरवलेली, ती सापडली. "लढाईचं एवढं काय नाय," ती म्हणायची, "आधी सगळ्यांना विचारून घेतलं की सोपं पडतं." या नव्या गावांतल्या ओळी मी तिला कधी वाचून दिल्या नव्हत्या. अक्षरं लावत, अडलं तर बाबांना विचारत ती पुढे जात होती. कारखान्यातून पहिली पाळी करून आलेले बाबा दुपारी चष्मा लावून तिच्यासाठी वाचायला बसत.

जानेवारीत एका रविवारी तिचा फोन आला. राजा हरला होता.

"शेवट कसा होता?" मी विचारलं. मी स्वतः तिथवर कधी पोचले नव्हते.

"चांगला हाय. सगळ्या नद्यांना पाणी येतं. मग नावं येतात, हे कोणी बनवलं त्यांची. खूप माणसं हायत गो. तुझ्या बाबांना सगळी वाचायला लावली."

"बाबा काय म्हणाले?"

"जपानी नावं ती, त्यांना कुठे धड येतायत," ती हसली. "पण वाचली. एवढं केलं त्या लोकांनी, निदान नाव तरी घ्यावं."