घासून परत केलेली किटली

तोआ पायोह वस्तीतल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर दर शनिवारी सकाळी मी मातीकाम शिकायला जाते. शिकवणाऱ्या बाई जपानमधल्या टोकोनामे गावच्या. तिथे शेकडो वर्षं मातीची भांडी होतात. चढावरच्या वाटांच्या भिंतीसुद्धा जुने मातीचे पाइप आणि रांजण रचून केल्यात म्हणे. हे सांगताना बाईंच्या आवाजात अभिमान वगैरे काही नसतो. आपण नळाला पाणी किती वाजता येतं ते सांगतो, तसं सांगतात.

त्यांच्याकडे वडिलांनी घडवलेली एक लाल मातीची किटली होती. आतबाहेर कुठे ग्लेझचा काचेसारखा लेप नाही, दांडा बाजूला. वडील शेवटपर्यंत तिच्यातलाच चहा प्यायले. गावचं घर विकायला बाई दोन आठवडे गेल्या, तेव्हा किटली माझ्याकडे ठेवली. "रोज हिच्यात ग्रीन टी कर, नुसती ठेवू नकोस," एवढंच म्हणाल्या.

मी इमानेइतबारे केला. हौगांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये तो दुसरं कोणी पीत नाही, आणि मलाही आवडत नाही.

परत द्यायच्या आदल्या संध्याकाळी आत डोकावले, तर तपकिरी थर चढलेला. दुसऱ्याचं भांडं असं परत करतात का? मला लाजच वाटली. आधी चिंचेचा कोळ, मग लिंबाच्या वासाचं लिक्विड, मग जुना टूथब्रश. मुलगी म्हणाली, "आई, इट्स क्लीन ऑलरेडी लाह." पण मी ऐकणाऱ्यातली नाही. शिवाय भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, म्हणून वाळल्यावर त्यात मूठभर साखर घातली.

बाईंनी झाकण काढलं, नाक जवळ नेलं, मग पुन्हा नेलं. मी मात्र उत्साहाने साखरेची पद्धत समजावत होते.

"बाबांच्या चहाचा वास होता हिला," त्या म्हणाल्या. "कधीकधी मी तेवढ्यासाठीच उघडायचे. आता घरही नाही."

अशा मातीत चहा मुरत जातो, अशी किटली नुसत्या गरम पाण्याने विसळायची असते. त्यांच्या गावात हे कोणाला सांगावं लागत नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी दोनदा माफी मागितली. तिसऱ्यांदा मागू लागले तेव्हा त्यांनी हात वर करून थांबवलं. साखर बशीत काढली, पाणी उकळलं, चहा केला. त्याला साबणाची चव होती. आम्ही दोघींनी तो संपवला.

"पुन्हा तसा वास यायला किती वर्षं लागतील?" मी विचारलं.

"तीसेक. मी चौऱ्याहत्तरची आहे. तू?"

"एकेचाळीस."

त्यांनी किटली माझ्यापुढे सरकवली. मला ती नको होती. मी घेतली.