जिनाच्या भिंतीवरचा मातकट समुद्र

मूर्तिजापुरात कापसातली सरकी काढणाऱ्या, आता बंद पडलेल्या जिनाच्या भिंतीवर समुद्र होता, आणि तो मातकट होता. येणारा-जाणारा हसायचा. हसू द्या. ज्याने तो काढला त्या श्रावण पेंटरने समुद्र पाहिलेला नव्हता, आणि ज्या बायकोने तो सांगितला ती आता नव्हती.

श्रावणची हयात भिंतींवर गेली. बियाण्यांच्या जाहिराती, दुकानांच्या पाट्या, जयंतीची चित्रं. मग फ्लेक्स आला आणि गाव त्याला विसरलं. फ्लेक्स यायच्या आधी सहा डिसेंबरसाठी वॉर्डातली माणसं दादरला चैत्यभूमीवर निघायची, तेव्हा इथले अभिवादनाचे फलक रंगवायला हाच मागे राहायचा. एका साली त्याची बायको पंचफुला बायांसोबत जाऊन आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "समुद्र काढा."

"म्या कुठं पाह्यला?"

"मी पाह्यला ना. सांगतो तुमाले."

तो रंगवायचा, ती कमरेवर हात ठेवून पाठीमागे उभी. निळ्याचा डबा उघडला की खेकसायची, "निळा नाही म्हनलं ना. पूर्णेले पूर आल्यावर पानी कसं असते? तसा."

"आन् लाट?"

"कापसाच्या गंजीवरून लेकरू घसरते, त्याच्या मांगं कापूस ढासळत येते ना, तशी."

त्याने तशीच काढली. पुढं काविळीने पंचफुला गेली. त्यानंतर श्रावणच्या पाठीमागे कोणी उभं राहिलं नाही.

यंदा शहर सुंदर करायची टूम निघाली. ठेकेदार कुंदन घरी आला.

"काका, जिनाची भिंत घासून पांढरी करून द्या. पुन्याचे आर्टिस्ट येऊन राहिले. समुद्र काढनार, डॉल्फिन गिल्फिन."

"समुद्र हाय ना तिच्यावर."

"तो समुद्र व्हय? नाली वाटते. निळा असते, काका. मी गोव्याले पाह्यला. तुमी पाह्यला का?"

भल्याभल्यांना चौकात गप्प करणारा श्रावण, पण समुद्र त्याने पाहिलेला नव्हता. "पाहून येतो," तो म्हणाला. "तोवर भिंतीले हात लावू नको." कुंदनने मान हलवली. मान हलवायला काय जातं?

सहा डिसेंबरसाठी त्याची लेक माया त्याला दादरला घेऊन निघाली. वाटेत तिने विचारलं, "बाबा, निळाच निघाला तं?" निळा निघाला तर पंचफुला खोटी पडणार होती.

अभिवादन झालं. माया त्याला चैत्यभूमीमागच्या वाळूवर घेऊन गेली. समोर पाणीच पाणी. गढूळ, मातकट, पुरातल्या पूर्णेसारखं. लाट उठली आणि कापूस ढासळावा तशी पायांशी आली.

"भिंतीवर जरा उंच झाली का वं?" तो बोलून गेला. आणि पाठीमागून आता पंचफुला चूक काढेल म्हणून थांबला. मायाने त्याला हाक मारली नाही.

परत आला तर भिंत निळीशार. डॉल्फिन हसत होते. कोपऱ्यात कलाकारांची नावं, ठेकेदाराचं त्याहून मोठं. श्रावणने कुंदनला भर चौकात धरलं, नको नको ते बोलला. कुंदन म्हणाला, "वरून घाई होती, काका." शिव्या संपल्या तरी भिंत निळीच होती.

भिंतीला चिकटून पार्बताबाईची चहाची टपरी. तिथून हाक आली, "श्रावणभाऊ, इकडं या."

"चहा नाही पायजे."

"चहा कोन देऊन राह्यलं? मांगं पाहा. थे रंगवनारे पोरं म्हने, बाई, टपरी हलव. म्या म्हनलं, तुमचा बाप हलवीन."

पत्र्याच्या आणि भिंतीच्या फटीत त्याने डोकं घातलं. दोन्ही हात पसरावेत एवढं मातकट पाणी उरलं होतं, आणि ढासळणाऱ्या लाटेचं एक टोक.

आता तो रोज येतो. टपरी हलवणार तर नाही ना, एवढंच विचारतो. पार्बताबाई रोज चिडते. मग बाकड्यावर बसतो, पण पत्र्याला पाठ टेकत नाही. मागे एक माणूस उभं राहील एवढी जागा सोडून बसतो.