माहेरच्या पत्त्यावर

"हे एकच गाव एवढं लाल का?" साहेबांनी विचारलं आणि मी मनातून सुखावले.

नकाशा काढणाऱ्याला हा प्रश्न कुणीतरी विचारावा अशी फार हौस असते. नगरच्या आमच्या कार्यालयात पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा लावला होता. बहुतेक गावं हिरवी, काही पिवळी, आणि वरच्या टोकाला, कोपरगाव तालुक्यात, गोदावरीच्या अलीकडे एक गाव टोमॅटोसारखं लाल. त्या गावाचं नाव इथे लिहीत नाही. एकदा पडद्यावर लिहून पुरेसं नुकसान केलंय.

मी संख्याशास्त्राची बाई. कुठला आजार कुठे जास्त आहे आणि तिथेच का, हे आकड्यांवरून शोधणं हे माझं काम. त्या वर्षी विषय होता कमी वजनाची बाळं, म्हणजे जन्मताना अडीच किलोपेक्षा कमी भरणारी. त्यामागे बऱ्याचदा आईच्या अंगात रक्त कमी असणं, वेळेवर तपासणी न होणं अशी कारणं असतात. गावात जन्मलेली सगळी बाळं छेदात, हलकी बाळं अंशात. शाळेतलंच गणित. अडचण अशी की लहान गावात वर्षाला बाळंच मोजकी जन्मतात. त्यातली एक-दोन हलकी निघाली तरी गाव बदनाम होतं. म्हणून आम्ही आजूबाजूच्या गावांचे आकडे थोडे उसने घेतो, पाहुणे आल्यावर शेजारून वाटीभर साखर आणावी तसे. याला स्मूदिंग म्हणतात. एवढं करूनही जे गाव लालच राहतं, त्याला आम्ही हॉटस्पॉट म्हणतो.

हे गाव लालच राहिलं होतं. माझ्या लेखी बिनतोड पुरावा.

साहेबांच्या लेखीही. स्वतः डॉक्टर, माणूस वाईट नाही, पण वरून विचारणा झाली की तीच खाली ढकलायची त्यांना सवय. तिथल्या उपकेंद्रावर कोण आहे, हे त्यांनी लगेच काढून घेतलं. उपकेंद्र म्हणजे सरकारी दवाखान्याची सगळ्यांत खालची पायरी, दोन खोल्या आणि एक नर्स. नर्स होत्या शेख सिस्टर. दहा-बारा वर्षं त्याच गावात, तरी नोकरी कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी नवीन ऑर्डर. चालू ऑर्डर त्याच महिन्यात संपत होती. साहेबांनी त्यांना 'कामात हयगय का?' अशी नोटीस काढली, नव्या ऑर्डरची फाइल बाजूला ठेवली आणि मला म्हणाले, "तुम्ही जाऊन बघून या. आठवड्याने मी सही करतो, इकडे नाही तर तिकडे."

मी गेले तेव्हा कारखाने जोरात चालू होते. पुणतांब्याच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे आमची जीप बैलगाडीच्या चालीने चालली होती, त्यामुळे बाईंच्या चुका कुठे सापडतील याची यादी करायला भरपूर वेळ मिळाला. तशी यादी मी खरोखरच केली. आता लिहिताना लाज वाटते.

यादीतलं एकही सापडलं नाही. गोळ्यांचा साठा वहीशी जुळत होता. फ्रिज चालू होता. बाळं तोलायचा काटा बरोबर आहे का, म्हणून विचारलं, तर सिस्टरांनी कपाटातून एक किलोचा मिठाचा पुडा काढला आणि काट्यावर ठेवला. काटा बरोबर एकावर. रोज सकाळी असं बघतात म्हणे. माझ्या चौदा वर्षांच्या नोकरीत मी असा पुडा पहिल्यांदाच पाहिला.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला वैताग. हॉटस्पॉट आहे आणि कारण सापडत नाही, हे आमच्या धंद्यात नाक कापल्यासारखं असतं. नोटीस टेबलावर काचेखाली होती. सिस्टरांनी चहा मागवला. शेवटी मीच विचारलं, जरा चढ्या आवाजातच, की सगळं एवढं चोख आहे तर हलकी बाळं इथेच का जन्मतात?

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मॅडम, शेरा वाचला न्हाई का तुमी?"

शेरा म्हणजे रजिस्टरमधला शेवटचा रकाना. तो संगणकावरच्या फाइलमध्येही येतो. त्यात लोक काहीही लिहितात. 'भेट दिली.' 'फोन बंद.' 'सासू बोलू देत नाही.' असलं काही मोजता येत नाही. त्यामुळे फाइल हातात आली की साफसफाई म्हणून मी तो रकाना सगळ्यांत आधी उडवते. याही वेळी उडवला होता.

सिस्टरांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. हलक्या बाळांच्या जवळजवळ प्रत्येक नोंदीपुढे सुबक अक्षरात लिहिलेलं होतं: पहिलटकरीण, सासर अमुक गाव, सातव्या महिन्यात आली. पुढच्या ओळीत तेच. पुढच्या पानावर तेच. गावंही तीच, नदीपलीकडची चार.

"पोरी ह्या गावच्याच हायेत," सिस्टर म्हणाल्या. "पन नांदत्यात पल्याड. ओटी भरली की बाप घिऊन येतो बाळंतपनाला. माझ्याकडं येत्यात तवर रक्त पार खाली गेलेलं असतंय. तिकडं कुनी तपासलेलं न्हाई, गोळी दिल्याली न्हाई. ऱ्हायलेल्या दोन म्हैन्यात मी किती भरून काढनार?"

बाहेर बाकावर एक मुलगी बाळाला घेऊन बसली होती. सिस्टरांनी तिचं कार्ड मागून मला दाखवलं. प्रत्येक गरोदर बाईला असं कार्ड मिळतं, दर तपासणीची त्यात नोंद होते. तिच्या कार्डात सहाव्या महिन्यापर्यंतची जागा कोरी होती. मी तिला विचारलं, सासरी नर्सबाई येत नव्हत्या का? ती म्हणाली, त्यांच्याकडे नर्सबाई नाहीतच, लग्न होऊन गेल्यापासून तिने पाहिलेली नाही.

ती चार गावं माझ्या नकाशावर गर्द हिरवी होती. पहिलं बाळंतपण माहेरी. दुसऱ्या खेपेच्या बाया खासगी दवाखान्यात, त्यांची वजनं आमच्यापर्यंत पोचत नव्हती. शिवाय तिथल्या नर्सची जागा रिकामी, म्हणजे लिहिणारंही कुणी नाही. आजार तिथला आणि नाव इथलं.

मला सगळ्यांत जास्त काय लागलं ते सांगते. माझी मुलगी माझ्या माहेरी, श्रीरामपूरला झाली. तेव्हा मी पुण्यात राहत होते. आठव्या महिन्यात आईने बोलावून नेलं, दवाखान्यात पत्ता विचारला तर तिनेच श्रीरामपूरचा सांगितला. म्हणजे ही गोष्ट मला कुणी शिकवायची गरजच नव्हती. संगणकापुढे बसले की मी बाई असल्याचं विसरते बहुधा. शेख सिस्टरांना मी तिथल्या तिथे सांगितलं की चूक माझी आहे. त्या म्हणाल्या, "मला सांगून काय हुनार, मॅडम? साहेबांना सांगा."

नगरला येऊन मी मूळ फाइल उघडली आणि शेरा वाचायला घेतला. प्रत्येक बाईला माहेरच्या गावातून उचललं आणि पोटुशीपणाचे सहा-सात महिने तिने जिथे काढले त्या गावात ठेवलं. दोन दिवस लागले. नकाशा पुन्हा काढला. लाल रंग नदी ओलांडून त्या चार गावांवर जाऊन बसला. सिस्टरांचं गाव फिकट पिवळं झालं.

तोच कागद घेऊन साहेबांकडे गेले.

"ही तर हिरवी होती," ते म्हणाले.

"तिथे नर्स नाही, साहेब. नोंदच होत नाही, म्हणून हिरवी दिसत होती."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "पहिला नकाशा वर गेलाय. आता काय सांगू, आमचं गणित चुकलं?"

"गणित बरोबर होतं. रकाना मी उडवला. तसं लेखी देते."

दिलं. माझीही ऑर्डर अकराच महिन्यांची होती. लिहिण्याआधी ती कधी संपते ते बघून घेतलं, खोटं कशाला बोलू. साहेबांनी कागद वाचला, घडी घातली आणि सिस्टरांच्या फाइलवर माझ्यासमोर सही केली. मला एवढंच म्हणाले, की पुढच्या वेळी आधी जाऊन बघा आणि मग रंग भरा.

नोटीस मागे घेतली गेली. ऑर्डर निघाली. तिच्यात खाली आणखी एक ओळ होती: नदीपलीकडच्या चार गावांचं पद भरेपर्यंत तिथला अतिरिक्त कार्यभार शेख सिस्टरांकडे. आमच्याकडे शाबासकी देण्याची हीच पद्धत आहे. वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंची नोकरी वाचवायला गेले आणि त्यांच्या अंगावर दुसरं उपकेंद्र घालून आले.

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळते. रुग्ण कुठे सापडला यावर समाधान न मानता, आजार जडला तेव्हा तो कुठे राहत होता हे विचारते. आणि एखादं गाव फारच हिरवं दिसलं, तर तिथे नर्स आहे का, हे फोन करून बघते. यातलं काहीही पुस्तकात नव्हतं असं नाही. मीच पुस्तकातलं माझ्या जिल्ह्याला लावून पाहिलं नव्हतं.

दोन-तीन महिन्यांनी धीर करून सिस्टरांना फोन लावला. त्या पलीकडच्याच एका गावात होत्या, मागे बायकांचा गलका चालू होता. मी माफीचं बोलायला लागले, तर त्यांनी मला थांबवलं.

"तुमच्या नकाशापायी माझी स्कुटी रोज पूल वलांडती, मॅडम. लई वैताग हाय," त्या म्हणाल्या. मग गलक्यातल्या कुणाला तरी रांगेत बसायला सांगितलं आणि पुन्हा फोनवर आल्या. "पन पोरी आता तिसऱ्या म्हैन्यातच भेटत्यात मला."