आपली गाडी सुरक्षित आहे

माझ्या धाकट्या भावाला सगळे रेडिओ म्हणायचे. टॅक्सीत बसलेलं माणूस उतरेपर्यंत ह्याचं तोंड बंद नाही. हवा, महागाई, गुडघेदुखी, कुणाचा जावई कसा निघाला, प्रत्येक गोष्टीवर ह्याचं मत तयार. गिऱ्हाइकं वैतागायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यालाच फोन करायची. मी त्याची थोरली बहीण. रस्त्याला लागून माझं कपडे धुण्याचं आणि इस्त्रीचं दुकान, मागच्या खोल्यांत आमचा संसार: मी, रेडिओ आणि भावजय. जीभ माझीही काही कमी चालत नाही, पण त्याच्यापुढे मी मुकी वाटायचे.

मग तो गप्प झाला, आणि घरात पेटी बोलायला लागली.

गाडी त्याची नव्हती, लीजवर घेतलेली. म्हणजे गाडी कंपनीची, चालवायची आपण, दर महिन्याला हप्ता भरायचा. जामीन म्हणून सही माझी. कंपनीचा माणूस इतका गोड बोलत होता की मला तेव्हाच त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली होती. "सगळं धरून हप्ता आहे साहेब, सुरक्षासुद्धा आली त्यात." सुरक्षा म्हणजे विमा, असं रेडिओने धरलं. कुणीही तेच धरलं असतं. आणि स्टिअरिंगच्या खाली जेवणाच्या डब्याएवढी एक काळी पेटी बसवून दिली. गाडी सुरू केली की तिच्यातून बाईचा मऊ आवाज यायचा, "आपली गाडी सुरक्षित आहे." रेडिओ रोज तिला उत्तर द्यायचा, "आहे ना बाई? मग चला!" भावजय चिडवायची, "माझ्याशी नाही कधी इतकं लाडात बोललात."

अपघात भरदुपारी झाला. गाडी रिकामी होती, पुलाच्या उतारावर कुणाचं तरी तेल सांडलेलं होतं. पेटी म्हणाली, "वेग कमी करा." ह्याने ब्रेक दाबला, तो दाबलाच, आणि गाडी घसरत जाऊन दिव्याच्या खांबावर आदळली. मी धावतपळत पोचले तेव्हा रेडिओ आतच बसलेला. खरचटलंसुद्धा नव्हतं हो त्याला. दोन्ही हात स्टिअरिंगवर, मांडीवर काचांचा चुरा, गाडीचं तोंड पार आत गेलेलं. आणि त्या चुराड्यातून मऊ आवाज येत होता, "आपली गाडी सुरक्षित आहे." 

कंपनीला फोन मी केला.

"विमा ना? तो ग्राहकाने स्वतः काढायचा असतो," पलीकडचा बुवा म्हणाला.

"मग दर महिन्याला सुरक्षेचे पैसे घेत होता ते कसले?"

"ते पेटीचे. पेटी गाडीवर लक्ष ठेवते."

"लक्ष ठेवून केलं काय मेलीने? बघत बसली?"

त्याने फोन ठेवून दिला.

मग एकेक समजत गेलं. गाडी मोडली तरी हप्ते चालूच राहणार. गाडी त्यांची, म्हणून तिची उरलेली किंमतही आम्हीच द्यायची. खांबाचे पैसे नगरपालिकेला. मोडकी गाडी गॅरेजच्या आवारात पडून आहे, त्या जागेचं भाडं वेगळं. विमा असता तर ह्यातलं बहुतेक विमा कंपनीने दिलं असतं. आता देणारे आम्हीच. गॅरेजवाल्याने पेटी उपसून माझ्या हातात ठेवली. कंपनीचा निरोप होता की पेटी चालू ठेवा, बंद पडली तर तिचा दंड निराळा. मी ती फळीवर ठेवली, वायर भिंतीच्या प्लगमध्ये घातली.

धक्का बसला की ती बोलायची. दार आपटलं, "आपली गाडी सुरक्षित आहे." भावजय भांडी घेऊन लगबगीने आत आली, "वेग कमी करा." पहिले एक-दोन दिवस आम्ही दोघी हसलोसुद्धा. मग आमच्या लक्षात आलं की आपण पावलं न वाजवता चालतोय, दारं हळू लावतोय, स्वतःच्याच घरात चोरासारख्या वागतोय.

आणि रेडिओ फळीसमोर खुर्ची टाकून बसायला लागला. बोलणं नाही, चालणं नाही. ताट पुढे केलं तर दोन घास खायचा, तेही पेटीकडे बघत. पेटी बोलली की हा नुसती मान हलवायचा, बस. खुर्चीतून उठताना त्याचा हात कमरेकडे जायचा, सीटबेल्टचा पट्टा सोडवायला. एकदा मी कपड्यांचा गठ्ठा घ्यायला आत गेले. घरात हूं की चूं नाही. दार बंद, भावजय बाहेर गेलेली, कुठे काही हललं नव्हतं. आणि पेटी म्हणाली, "वेग कमी करा." मी रेडिओकडे पाहिलं. त्याचा उजवा पाय फरशीवर इतका जोरात दाबलेला होता की मांडी थरथरत होती. मी पाय उचलायला गेले. उचलेना. दगड झाला होता पायाचा.

"अरे, गाडी गेली रे! संपलं ते!" मी ओरडले.

त्याने सावकाश मान वळवली, माझ्याकडे कीव करून पाहिलं आणि फळीकडे बोट दाखवलं. ती सांगतेय ना, सुरक्षित आहे म्हणून. मग तू कोण सांगणारी?

त्या दिवशी भावजय माझ्यापाशी रडली. "वन्सं, ती पेटी घरात असेपर्यंत हे परत येणार नाहीत." मला ते कळत नव्हतं का? पण मेख तिथेच होती. पेटी परत केली की करार संपतो, आणि करार संपला की सगळी रक्कम एकदम भरायची, नाहीतर जामीनदाराकडून वसूल. म्हणजे माझं दुकान. माझं इस्त्रीचं वाफेवरचं प्रेस, माझ्या अर्ध्या आयुष्याची कमाई. पेटी ठेवून घेतली तर नसलेल्या गाडीचे हप्ते रडतखडत भरत राहायचे, वर सुरक्षेचे पैसेही. एका पारड्यात प्रेस आणि दुसऱ्यात भाऊ. मी प्रेस पुसून काढलं, त्याच्यावर चादर घातली आणि रेडिओ न्हाणीघरात असताना पेटीची वायर ओढली.

वायर काढलेली, पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेली असतानाही ती वाटभर बोलत होती. बसमधली माणसं माझ्याकडे बघायला लागली, तेव्हा मी पिशवी पोटाशी धरली.

कंपनीच्या कार्यालयात काउंटरवर एक मुलगी होती, बारीक, डोळ्यांखाली काळं. ती म्हणाली, "नमस्कार, बसा ना," आणि मी बसायची ती उभीच राहिले. तोच आवाज.

"तूच का गं ती?"

"हो मावशी." तिला नवल वाटलं नाही. "कामाला लागले तेव्हा सगळी वाक्यं बोलून घेतली माझ्याकडून."

पेटी तपासायला ती मला मागच्या आवारात घेऊन गेली. तिथे ओढून आणलेल्या गाड्या ओळीने उभ्या होत्या, कुणाचं छप्पर बसलेलं, कुणाला दारंच नाहीत. लोखंडी फाटक तिच्या हातून आपटलं, आणि सगळ्या ओळी एकदम बोलल्या. आपली गाडी सुरक्षित आहे. पुढची, मग मागची, मग भिंतीपाशी गंजत पडलेली. मी तिचा दंड घट्ट पकडला. ती मात्र शांतपणे पेटीवरचं बटण दाबत होती.

"तुला भीती नाही वाटत?"

"घरीसुद्धा ऐकू येतं मावशी. दार लावलं की."

मी तिला विनवलं. "पोरी, एक काम कर. माझ्या भावाला एकदा सांग, गाडी गेली म्हणून. आमचं कुणाचं ऐकत नाही, तुझं ऐकेल."

तिने मान खाली घातली. "ते वाक्य नाही आम्हाला दिलेलं."

घरी आले तर रेडिओ दार आपटत होता. उघडायचं, आपटायचं, कान देऊन थांबायचं, पुन्हा आपटायचं. चौकट खिळखिळी झाली तरी थांबेना. दमला तेव्हा जाऊन खुर्चीत बसला, रिकाम्या फळीसमोर, पाय तसाच दाबून. मला वाटलं, संपलं. प्रेसही गेलं आणि भाऊही गेला.

प्रेस खरंच गेलं. माणसं आली, उचलून घेऊन गेली, जमिनीवर चार पायांचे चार डाग राहिले. तरी रक्कम पुरी झाली नाही. उरलेल्या पैशांसाठी कंपनीचा फोन आला तेव्हा मी त्या डागांपाशी उभी होते. तोच आवाज ऐकला आणि आत जाऊन फोनचा स्पीकर चालू करून रेडिओपुढे धरला.

"नमस्कार. आपल्या गाडीच्या थकबाकीबाबत..."

रेडिओ ताडकन सरळ झाला. इतक्या दिवसांनी त्याचं तोंड उघडलं, घसा घरघरला. "बाई? गाडी सुरक्षित आहे ना?"

 पलीकडे लांबवर कुठेतरी फाटक आपटलं, आणि तिच्या मागे त्या सगळ्या ओळी तिच्याच आवाजात कुजबुजल्या. त्या थांबेपर्यंत ती थांबली.

"नाही दादा," ती म्हणाली. "गाडी गेली. तुम्ही वाचलात."

मग तिने पुढचं नेहमीचं वाक्य म्हटलं, थकबाकी वेळेत भरावी ही विनंती.

"भरतो, बाई," रेडिओ म्हणाला. त्याचा पाय फरशीवरून हळूहळू वर आला, आणि तो लहान मुलासारखा हमसून रडायला लागला. भावजय धावत आत आली. मी तिला खुणेनेच थांबवलं, म्हटलं रडू दे.