ठोकून पाहिलेला निंब

माझ्या फळ्या घेऊन जाणाऱ्यांना मी बजावून सांगतो. फळी पाण्यात बुडवून ठेवू नका, ओल्या फडक्यानं पुसा आणि लगेच उभी करून वाळवा. महिन्यातून एकदा घाण्याचं जवसाचं तेल चोळा. उन्हात टाकू नका, तडकेल. तरी कोणीतरी ती दिवसभर सिंकमध्ये खरकट्या भांड्यांखाली ठेवतंच, आणि वरून मलाच फोन करतं, "भाऊ, तुमची फळी वाकली." माझं डोकं फिरतं. ज्यावर पाहुण्यांना वाढायचं त्या लाकडाशी असं वागतात का?

पण असा संताप करायचा मला काडीचा अधिकार नाही. हे एवढं वाक्य लिहायला मला दोन वर्षांहून जास्त लागली.

नोकरी सांभाळून मी लाइव्ह एज सर्व्हिंग बोर्ड करतो, खायचं मांडून वाढायच्या लाकडी फळ्या. लाइव्ह एज म्हणजे साल सोलायची, पण फळीची कड आऱ्यानं सरळ करायची नाही. झाड जसं वाढलं तशी वाकडीतिकडी राहू द्यायची. लोकांना ते फार 'नॅचरल' वाटतं.

आमच्या कॉलनीच्या फाटकाशी एक निंब होता, दोघांच्या कवेत न मावणारा. त्याच्याखाली एका बाईंचा कोळशाच्या इस्त्रीचा ठेला होता. गाड्यांवर पाखरं घाण करतात म्हणून कॉलनीतल्या काहींना झाड नको होतं, आणि धोकादायक ठरल्याशिवाय ते पाडायला परवानगी मिळणार नव्हती. कॉलनीचे सेक्रेटरी माझ्याकडे आले. "लाकडातलं तुमालेच कळते भाऊ. ठोकून पाहा, न् अर्जावर लिहून द्या. खालचा ओंडका तुमचा."

मी हातोडी घेऊन गेलो. चारही बाजूंनी ठोकलं. आवाज भरीव, टणक.

बाईंनी इस्त्री खाली ठेवली. "काय म्हणते जी भाऊ, निंब?"

"आतून पोकळ आहे. वादळात पडेल."

"अवं माय! अन् मी याच्याच खाली उभी राहून राहिली!"

त्याच संध्याकाळी त्यांनी आपणहून ठेला हलवला. कोणी हलवा म्हणालंही नव्हतं. रस्त्यापलीकडच्या भिंतीला एक निळी ताडपत्री बांधली आणि तिच्याखाली उभ्या राहिल्या. अर्जावरही मी तेच लिहून दिलं, आणि आठवड्याभरात झाड गेलं. मग आला मे. हातात निखाऱ्यांची इस्त्री, डोक्यावर तापलेली ताडपत्री, कपाळाला ओला दुपट्टा. मी दिसलो की हात जोडायच्या. गिऱ्हाइकांना सांगायच्या, "या भाऊनं वाचवलं मले." मी मान हलवून आत जायचो. गेल्या उन्हाळ्यात चक्कर येऊन पडल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा त्याच ताडपत्रीखाली.

तोवर ओंडक्याच्या फळ्या माझ्या मागच्या अंगणात पत्र्याखाली, मध्ये पट्ट्या देऊन, हवेशीर रचलेल्या. दीड वर्ष सुकवल्या. रंधा मारला, पॉलिश पेपरनं घासल्या. लालसर गाभा, एक भोक नाही, कीड नाही. कॉलनीतल्यांनी हौसेनं नेल्या. त्यांच्यावर समोसे मांडून फोटो काढले. पोकळ झाडातून एवढी रुंद फळी निघाली कशी, असं एकानंही विचारलं नाही! सुशिक्षित माणसं. सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे समोसे खात होते. मीही.

विचारलं ते बाईंनीच. मागच्या महिन्यात भर दुपारी त्या कपडे द्यायला आल्या. बायको टेबलावर सगळ्यात रुंद फळीला तेल चोळत बसली होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. कौतुकानं म्हणाली, "पाहा तर बाई, आपल्या फाटकातल्या निंबाची आहे. फार जपावं लागतं हो हिला, उन्हात ठेवली की तडकते."

बाईंनी फळी उचलली. उलटी केली, पुन्हा सुलटी केली. गाभ्यावरून बोट फिरवलं.

"बुडाची हाय का जी?"

"अगदी बुडाची," बायको म्हणाली.

"मंग पोकळ कुठं हाय?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "अहो, सांगा ना त्यांना."

मी म्हणालो, "पोकळ नव्हता. मी खोटं बोललो. मला ओंडका पाहिजे होता."

"मंग मी काहून हटली जी?" बाई म्हणाल्या. त्यांनी फळी टेबलावर ठेवली, हाताचं तेल पदराला पुसलं. "रोज देवापाशी तुमचं नाव घेतलं मी. फळीले ऊन चालत नाही, अन् मले चालते?"

दुसऱ्या दिवशी मी सेक्रेटरींच्या हातात लेखी दिलं : झाड धडधाकट होतं, मी खोटं लिहिलं. ते भडकले. "आता कायले उकरून राहिले? झाड उगवणार हाय का त्यानं? सगळ्यायले गोत्यात आणता!" झाड उगवणार नाही, हे मला त्यांनी सांगायला नको होतं. मी पोर्चमधली गाडी बाहेर काढली, जागा झाडून घेतली आणि ताडपत्रीपाशी जाऊन म्हणालो, "ठेला आमच्या पोर्चमध्ये आणा. सावली आहे." त्यांनी मान वर केली नाही. शर्टाची कॉलर दाबत राहिल्या.

तीन दिवस पोर्च रिकामा राहिला. चौथ्या दिवशी ठेला आला. गाडी आता उन्हात असते. इस्त्रीचे कपडे बाई अजूनही माझ्याच हातात देतात, घडी न मोडता.

"घ्या, साहेब," म्हणतात.