दोनाच्या डोक्यावरची रेघ

मी आणि माझी माय एकाच वर्षी मॅट्रिकला बसलो. मी बडनेऱ्याच्या शाळेतून, ती घरून. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्यापासून मायनं शिक्षणाचा ध्यासच घेतला होता. लहानपणी सातवी झालेली. मॅट्रिक झाली की वस्तीतल्या शाळेत तिला मास्तरीण म्हणून घेणार होते. आदल्या साली बाकी सगळे विषय निघाले, गणितानं मात्र घात केला. म्हणून बाबा रेल्वेच्या कामावर गेले की घरात शिकवणी सुरू व्हायची, आणि मास्तर मी. माझं डोकं मुळातच तापट.

गाडी अडायची ती लॉगपाशी. शून्य पॉइंट शून्य दोनचा लॉग काढला की 'बार दोन पॉइंट तीन शून्य एक शून्य' असं येतं. बार म्हणजे आकड्याच्या डोक्यावरची आडवी रेघ. ती फक्त दोनावर द्यायची. म्हणजे दोन तेवढा उणे, पॉइंटच्या पुढचं सारं अधिक. हे मायला तोंडपाठ होतं, पण हाताला कोण सांगणार? तिच्या जुन्या मास्तरांनी शिकवलेलं, आधी ओळभर अक्षरं उघडीच लिहायची आणि मग या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रेघ ओढायची. अक्षर दृष्ट लागावी असं. पण त्याच झपाट्यात रेघ आकड्यांवरूनही जायची, सगळंच उणे व्हायचं, आणि उलटं सोडवून पाहिलं की शून्य पॉइंट शून्य दोनाच्या जागी शून्य पॉइंट शून्य शून्य पाच हजर.

मी खेकसायचे. ती पुसायची, पुन्हा लिहायची, आणि पुन्हा सर्रकन रेघ. एकदा मी पाटीच आपटली. तेव्हा ती एवढंच म्हणाली, की हा हात तुझ्याहून जुना आहे, त्याला जरा वेळ दे. वेळ कुठून देणार? परीक्षा तोंडावर आलेली. मला रडूच फुटलं.

गणिताचा पेपर अमरावतीला होता. सुटल्यावर माय फाटकाशी उभी दिसली. लॉगचं गणित आलं होतं. रेघ कुठं मारलीस, विचारलं.

"साऱ्या पेपरात रेघच नाई मारली मी," ती म्हणाली. "अक्षरं सारी उघडीच ठेवली. त्या एका दोनावर तेवढी मारली."

मी तिथंच हसत सुटले. मग धास्तावले, असला उघडा पेपर पाहून तपासणारा काय म्हणेल? पण तो भला माणूस काही म्हणाला नसावा. माय पास झाली, काठावर का होईना.

तिच्या शाळेच्या पहिल्या दिवशी मी सोबत गेले आणि खिडकीशी रेंगाळले. तिनं फळ्यावर वार लिहिला, तारीख लिहिली, खाली आपलं नाव लिहिलं. मग खडू उचलून वरच्या ओळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रेघ ओढली, पार तारखेच्या आकड्यांवरून. मला लय बरं वाटलं. या खेपेला मी तिला काहीच बोलले नाही.